गोळी खरी की खोटी, हे पाण्याच्या ग्लासात कळत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, त्यांना रक्तदाब आणि थायरॉइड. रोजच्या तीन गोळ्या: टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉलची दिवसभर परिणाम टिकणारी गोळी आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन. वर्षानुवर्षं ही औषधं राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानातून येत. उन्हाळ्यापासून पुण्यात नोकरी करणारे धाकटे दीर ती मोबाइलच्या ॲपवरून मागवून देतात, पैसेही तेच भरतात. वीस टक्के स्वस्त पडतं. सासूबाईंच्या बोटांना स्ट्रिप फोडवत नाही, म्हणून बाई महिन्याच्या गोळ्या एकदम सोलून वारांच्या डब्यात भरून ठेवतात. पाऊस लागल्यापासून सासूबाईंचा रक्तदाब १३० च्या घरातून १६० च्या घरात गेला. स्ट्रिपवरची छपाई पुसट वाटते, टेल्मिसार्टनच्या गोळीचा रंगही थोडा वेगळा. जुन्या दुकानदारांना दाखवलं तर ते म्हणाले, "ऑनलाइनचं काय खरं असतंय वहिनी, निम्मा माल डुप्लिकेट." घरी मेटोप्रोलॉलची गोळी पाण्यात टाकली, तासभर विरघळली नाही. नववीतल्या मुलानं थायरॉइडच्या गोळीवर आयोडीन टाकलं, ती निळीकाळी झाली. म्हणजे नुसता स्टार्च, असं घरात ठरलं. चार दिवसांपासून सासूबाईंनी तिन्ही गोळ्या बंद केल्या आहेत. दिरांना सांगावं तर त्यांना वाटणार, पैसे मी घालायचे आणि संशयही माझ्यावरच. बाई विचारतात: या गोळ्या तपासून कुठं मिळतील, तक्रार कुणाकडे करायची, आणि घरात हे बोलायचं कसं?

ताई,

तुमच्या पत्रातली 'चार दिवसांपासून गोळ्या बंद' ही ओळ वाचली आणि सदराचा शिरस्ता मोडून तुम्हाला आधीच निरोप पाठवला. तो इथं पुन्हा लिहिते, कारण असा निर्णय घेणारं तुमचं एकटंच घर नाही. मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी. वर्षानुवर्षं घेतलेली अशी गोळी एकदम थांबवली की नाडी आणि रक्तदाब उसळतात, आणि हृदय आधीच दुबळं असेल तर छातीत दुखण्यापासून झटक्यापर्यंत मजल जाऊ शकते. संशयाची गोळी पोटात जाण्यापेक्षा कुठलीच गोळी न जाणं इथं जास्त धोक्याचं. म्हणून आधी डॉक्टर. त्यांच्या ताज्या चिठ्ठीवर आठ-दहा दिवसांपुरत्या गोळ्या गावातल्या दुकानातून पक्क्या बिलानं घ्या, त्याच ब्रँडच्या, त्याच ताकदीच्या. चार दिवसांच्या खंडानंतर कुठल्या डोसपासून सुरुवात करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात उचलता न येणं यांतलं काही असलं, तर मशीनवर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. तडक सीपीआर हे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

हे मार्गी लागलं असं धरून आता तुमच्या संशयाकडे येते.

तुमच्या मुलाचं मला खरंच कौतुक वाटतं. शंका आली तर प्रयोग करून बघावा असं त्याला वाटलं, हे शाळेला यश म्हणायचं. निष्कर्ष मात्र चुकला. थायरॉक्सिनची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. गोळीचं वजन शंभर मिलिग्रॅम धरलं, तर त्यात औषध असतं दोन हजारावा भाग. तेवढा कण कुणाला चिमटीत धरता येणार नाही, म्हणून त्याला अंग द्यायला स्टार्च, लॅक्टोज, सेल्युलोज असे निरुपद्रवी पदार्थ घालतात. बाजारातल्या असंख्य गोळ्यांत मक्याचा स्टार्च असतो आणि तो आयोडीननं निळा होणारच. नामांकित कंपनीची अस्सल गोळी निळी होईल, आणि ज्या खोट्या गोळीत स्टार्चऐवजी खडूची भुकटी भरली आहे ती होणारही नाही. या चाचणीत चोर सुटतो आणि साव अडकतो.

पाण्याच्या ग्लासाचंही तेच. मी काही वर्षं औषध कारखान्याच्या गुणनियंत्रण विभागात काम केलं आहे. तिथं गोळी फुटायला किती वेळ लागतो हे रोज मोजतात, पण ते यंत्रात: ३७ अंशांचं पाणी, त्यात ठराविक वेगानं वर-खाली होणारी काचेच्या नळ्यांची टोपली. साधी, वेष्टन नसलेली गोळी त्यात पंधरा मिनिटांत फुटायला हवी असं आपली औषधसंहिता सांगते. तुम्ही टाकलेली गोळी मात्र साधी नाही. मेटोप्रोलॉलची 'ईआर' किंवा 'एक्सएल' लिहिलेली गोळी चोवीस तासांत हळूहळू औषध सोडावी म्हणूनच बनवलेली असते. ती तासाभरात विरघळली नाही ही तक्रारीची गोष्ट नव्हे. दहा मिनिटांत विरघळली असती, तर मी घाबरले असते. मधुमेहाच्या काही 'एसआर' गोळ्यांचं रिकामं टरफल शौचातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि लोक दचकतात, औषध लागलंच नाही म्हणतात. त्यातलं औषध केव्हाच अंगी लागलेलं असतं. पित्तावरच्या काही गोळ्यांचं आवरण तर पोटातल्या आम्लातही टिकावं असंच केलेलं असतं. त्यामुळे व्हिनेगरमध्ये गोळी बुडवून 'बघा, नकली' असं दाखवणारे व्हिडिओ तुमच्या शाळेच्या ग्रुपवर आले, तर पुढं पाठवू नका.

पुसट छपाई आणि बदललेला रंग यांना मी थोडी किंमत देते, पण थोडीच. एकच ब्रँड दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांत बनत असतो. एक खेप हिमाचलातल्या बद्दीहून येते, दुसरी सिक्कीममधून. कारखाना बदलला की रंगाची छटा आणि छपाईची शाई बदलू शकते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात 'निर्माता' आणि 'विपणन' अशी दोन वेगळी नावं असतात. जुनी रिकामी स्ट्रिप घरात सापडली तर दोन्हींवरचा निर्माता आणि उत्पादन परवाना क्रमांक ताडून बघा. कारखाना वेगळा निघाला, तर रंगाचं कोडं बहुधा तिथंच सुटेल. कारखाना तोच, तरीही कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर चुकलेलं, बॅच नंबर छापण्याऐवजी शिक्क्यासारखा उमटलेला, बाहेरच्या खोक्यावर एक बॅच आणि आतल्या स्ट्रिपवर दुसरी, असं काही दिसलं तर मात्र थांबा. मग संशयाला आधार आहे.

आता मला तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात: वारांचा डबा. टेल्मिसार्टन हवेतली ओल शोषून घेणारं औषध आहे. म्हणूनच त्याच्या गोळ्या बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या जाड स्ट्रिपमध्ये येतात, आणि घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा अशी सूचना त्या औषधाबरोबर दिलेली असते. तुम्ही महिन्याच्या तीस गोळ्या एकदम सोलता. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मीठ पाणी सोडतं, बिस्किटाचा पुडा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो, आणि त्याच हवेत ती गोळी तीन-चार आठवडे प्लॅस्टिकच्या कप्प्यात पडून असते. तुम्हीच लिहिलं आहे की रक्तदाब पाऊस लागल्यापासून चढला. ऑनलाइन खरेदी त्याआधीपासून, उन्हाळ्यापासून चालू आहे. डबाच कारण आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ॲपला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी हा साक्षीदार तपासायला हवा, कारण तो घरातच बसला आहे.

थायरॉक्सिनही ओल आणि उजेड सहन करणारं औषध नाही. सासूबाईंच्या बोटांची अडचण खरी आहे, ती मला कळते. मग स्ट्रिप न सोलता कात्रीनं एकेका गोळीचे चौकोन कापून डब्यात ठेवा आणि रोज सकाळी घरातल्या कुणीतरी गोळी काढून हातावर द्यावी. नाव आणि मुदत छापलेला कोपरा शेवटी कापायचा, एवढं सांभाळा.

आणखी काही गोष्टी डॉक्टरांपुढे मोकळेपणानं ठेवा. सासूबाई गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतात का? पावसाळ्यात सांधे धरतात आणि या वयाच्या बायका अशा गोळ्या कुणाला न सांगता पदराच्या गाठीला ठेवून असतात. त्यांनी रक्तदाब चढतो आणि रक्तदाबाच्या औषधाचा जोरही कमी होतो. थायरॉइडच्या गोळीनंतर लगेच कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली जाते का? त्यात चार तासांचं अंतर हवं. मशीनचा पट्टा दंडावर सैल बसतो का, बॅटरी कधी बदलली? पाच मिनिटं शांत बसून, न बोलता, एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा मोजा. तुमचं मशीन दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी जुळवून बघा. यातलं काहीच लागू नाही असं निघालं, तर औषधावरचा संशय आपोआप वजनदार होईल.

दुकानदारांच्या 'निम्मा माल डुप्लिकेट'बद्दल. त्यांच्यावर माझा राग नाही. इतकी वर्षं ज्यांनी सासूबाईंच्या गोळ्या लक्षात ठेवल्या, त्यांना आपलं गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटणारच. ऑनलाइन विक्रीविरोधात औषध विक्रेत्यांनी २८ सप्टेंबर २०१८ ला देशभर बंद पाळला होता. या भांडणात पोटापाण्याचा प्रश्न गुंतलेला आहे हे दोन्ही बाजूंचं ऐकताना लक्षात ठेवावं. निम्मा माल वगैरे काही नाही. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात दर्जात न बसलेले नमुने ३.१६ टक्के निघाले आणि धडधडीत खोटे ०.०२४५ टक्के. ते नमुने किरकोळ दुकानं, सरकारी भांडारं आणि बंदरांवरचे होते, त्यामुळे ॲपवाल्यांना त्यातून स्वच्छतेचं प्रमाणपत्र मिळत नाही. पण एवढं दिसतं की खोट्या गोळीपेक्षा कमी कसाच्या गोळीशी गाठ पडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. आणि कस कमी होतो तो कारखान्यात, गोदामात, टेम्पोत, दुकानाच्या उन्हं खाणाऱ्या काचेमागे किंवा आपल्याच स्वयंपाकघरात.

शिवाय खोट्या औषधाला मोबाइलच लागतो असंही नाही. २०२४ मध्ये नागपूरचं प्रकरण गाजलं. तिथं सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाऐवजी भुकटी आणि स्टार्च निघाला. तो माल निविदा काढून, रीतसर कागदोपत्री आला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची, म्हणजे सीडीएससीओची, दर्जात न बसलेल्या औषधांची यादी बातम्यांत आली. तीत टेल्मा एच या रक्तदाबाच्या नावाजलेल्या गोळीचा नमुनाही होता. कंपनीचं उत्तर होतं की ती बॅच आम्ही बनवलेलीच नाही, आमच्या नावानं कुणीतरी बनवली. तेव्हा 'टेल्मा खराब' अशी बोंब ज्यांनी ठोकली त्यांनी बॅच नंबर वाचलाच नव्हता. ही यादी सीडीएससीओच्या संकेतस्थळावर दर महिन्याला येते, कुणालाही बघता येते. बघताना ब्रँड नव्हे, बॅच शोधायची.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की गोळीकडे टक लावून फारसं काही हाती लागत नाही. गोळी कुठून आली हे मात्र तपासता येतं, त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. दिरांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक ऑर्डरचं बिल आहे. ते मागवून घ्या. ॲपचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण औषध विकणारा कुणी वेगळाच असतो: खाली कुठंतरी एका औषध दुकानाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक (२० आणि २१ या नमुन्यांतला, बिलावर बहुधा 'डीएल नंबर' म्हणून) दिलेला सापडेल. मग प्रत्येक औषधापुढचा बॅच नंबर आणि मुदत हातातल्या स्ट्रिपशी जुळवा. जुळलं तर हा माल एका परवानाधारक दुकानाच्या वहीतून निघाला, गरज पडली तर त्याच्या मागचा घाऊक विक्रेता आणि कारखाना निरीक्षकाला शोधता येतो. नाही जुळलं, किंवा बिलावर बॅचच नाही, तर तुमच्याकडे पुसट छपाईपेक्षा कितीतरी ठोस मुद्दा आहे. आणि ताई, रागावू नका, राजारामपुरीच्या दुकानातून तुम्ही शेवटचं पक्कं बिल कधी घेतलं होतं? कागदाच्या पुडीत गोळ्या आणि 'पुढच्या वेळी देतो वहिनी' या व्यवहारात विश्वास भरपूर असतो, पण उद्या काही झालं तर दाखवायला काही नसतं.

क्यूआर कोडबद्दल बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे, म्हणून इथंच सांगते. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या तीनशे ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. डोलो, कॅलपॉल, ॲलेग्रा ही त्यातली ओळखीची नावं. स्कॅन केल्यावर औषधाचं नाव, निर्माता, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक दिसायला हवा आणि तो हातातल्या पाकिटाशी जुळायला हवा. इतर औषधांवर कोड नसला तर ती खोटी ठरत नाहीत. छोट्या पाकिटाचा कोड बाहेरच्या खोक्यावर असू शकतो, सुटी स्ट्रिप घेतली तर तो तुमच्यापर्यंत येणारच नाही. आणि कोडही छापता येतोच की. खोटी खोकी बनवणारा अस्सल खोक्याचा कोड जसाच्या तसा उतरवू शकतो. म्हणून स्कॅन झालं म्हणजे झालं असं नाही, बॅच जुळवणं कुठंही टळत नाही. याच कारणानं महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या आणि खोकी रद्दीत घालण्याआधी फाडा, फोडा. ती पुन्हा भरून विकणाऱ्यांचा धंदा आपल्याच घरातून चालू होतो.

बॅच जुळली तरी मन खात असेल, तर स्ट्रिपवरच्या ग्राहक क्रमांकावर किंवा ईमेलवर कंपनीला लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच, कुठून घेतली. आपल्या नावानं कुणी खोटा माल विकतंय का हे कळण्यात कंपनीचाच स्वार्थ असतो, त्यामुळे सहसा उत्तर येतं. ही बॅच आमची नाही असं लेखी आलं, तर पुढच्या तक्रारीला बळ येतं.

आता प्रयोगशाळा. सरकारी तपासणी फक्त निरीक्षकांसाठी असते असा समज आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याचं कलम २६ कुठल्याही व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला हा हक्क देतं: स्वतः विकत घेतलेलं औषध ठरलेलं शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे द्यायचं आणि त्याच्या सहीचा अहवाल घ्यायचा. अर्जाची पद्धत आणि शुल्क अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापुरातल्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. प्रशासनाच्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी आहेत. तिथं गोळीत सांगितलेलं औषध आहे का, लिहिलंय तितक्या प्रमाणात आहे का, ते ठरल्या वेळात सुटतं का, असं सगळं यंत्रावर बघतात. एकदोन गोळ्यांवर हे भागत नाही. एकाच बॅचच्या, न उघडलेल्या, नीट ठेवलेल्या बऱ्याच गोळ्या लागतात, आणि चाचणीत त्या संपतात. म्हणजे तुमच्या डब्यातल्या सोललेल्या गोळ्या बाद. त्यांच्यात औषध कमी निघालं तरी दोष कारखान्याचा, गोदामाचा की तुमच्या डब्याचा, हे कुणी सांगू शकणार नाही. दिरांनी पुढच्या महिन्याचं पार्सल आधीच पाठवलं असेल तर ते उघडू नका, तसंच थंड-कोरड्या जागी ठेवा. कायद्यातले शब्द 'विकत घेतलेलं' असे आहेत आणि बिल दिरांच्या नावावर आहे, तेव्हा अर्ज त्यांच्या नावानं किंवा त्यांना सोबत घेऊनच करावा लागेल. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

तुम्हाला स्वतः तपासणीचा खटाटोप नको असेल तर नुसती तक्रारही करता येते. प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. तक्रारीत बिलाची प्रत, स्ट्रिपचे फोटो, कंपनीचं उत्तर जोडा. दुकानाचा परवाना पुण्याचा असेल तर प्रकरण तिकडच्या औषध निरीक्षकाकडे जाईल. निरीक्षक त्या दुकानातून स्वतः नमुना उचलतात, त्याचे सीलबंद भाग करतात, एक विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी राहतो. खटला उभा राहिला तर याच नमुन्यावर राहतो. पैसे परत मिळणं वगैरे व्यवहाराची भांडणं ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर. औषध लागू पडत नाही किंवा त्रास झाला, हे कळवायला औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक आहे. डॉक्टरांकरवी नोंदवलं तर उत्तम.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर आज तुम्ही प्रयोगशाळेपर्यंत जाऊ नये. आधी बिल आणि बॅच, मग डबा बदलून, घरीच मोजत, डॉक्टरांच्या नजरेखाली तीन-चार आठवडे. बॅच जुळत नसेल किंवा कंपनीनं हात वर केले, तर मात्र तपासणी आणि तक्रार दोन्ही करा, भिडेनं गप्प बसू नका.

ॲपवरची औषधं बेकायदा आहेत का, असंही तुम्ही विचारलं आहे. ई-फार्मसीसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला, तो अंतिम झालाच नाही. न्यायालयांत दावे-प्रतिदावे झाले. त्यामुळे आपल्या हातात उरतो तो जुनाच कायदा, जो दुकानाला आणि ॲपमागच्या दुकानाला सारखाच लागू आहे: परवाना हवा, फार्मासिस्ट हवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी औषधं द्यायची नाहीत, आणि चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं खपवायचं नाही, त्यातलं मूळ द्रव्य तेच असलं तरी. 'तुमचा ब्रँड संपला, हा घ्या, सेमच आहे' असा संदेश आला आणि दिरांनी घाईत 'ओके' दाबलं, असं झालं आहे का ते बघा. सासूबाईंच्या टेल्मिसार्टनचा रंग तिथंही बदललेला असू शकतो. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी पुन्हा पुन्हा चढवली जात असेल तर तेही थांबवा.

दिरांशी बोलायचं कसं, यावर मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. ते दुखावतील असं तुम्ही गृहीत धरलं आहे, विचारलेलं नाही. त्यांना ना रक्तदाबाचे आकडे माहीत, ना गोळ्या बंद केल्याचं. आईच्या औषधांसाठी दर महिन्याला आठवणीनं पैसे घालणाऱ्या मुलाला आईचा रक्तदाब १६० झाल्याचं वहिनी कळवत नाही, हे त्याला ऑनलाइनवरच्या संशयापेक्षा जास्त लागेल. दुकानदारांचं वाक्य सांगून सुरुवात करू नका. "भाऊजी, आईंचा बीपी वाढलाय, डॉक्टर सगळी बिलं आणि बॅच नंबर बघायचे म्हणतात, तेवढी पाठवता का?" एवढं पुरे. काम त्यांच्याकडे द्या. संकेतस्थळावरच्या यादीत बॅच शोधणं, कंपनीला ईमेल करणं हे पुण्यात बसून त्यांना तुमच्यापेक्षा सोपं आहे. आणि तुमचे यजमान या सगळ्यात कुठं आहेत? पत्रात ते एकदाही आले नाहीत. आई त्यांचीही आहे, फोन त्यांनी केला तर आणखी बरं.

पुढच्या खरेदीबद्दल सरसकट 'ॲप नको' असं मी म्हणणार नाही. वीस टक्के ही लहान रक्कम नसते, तीन-चार गोळ्या आयुष्यभर घेणाऱ्या घराला तर नाहीच. रोजच्या, चिवट स्वभावाच्या गोळ्या ॲपवरून घ्यायला हरकत नाही, फक्त दर वेळी एकाच दुकानाकडून येतील असं बघा, मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी, आणि पार्सल आल्या दिवशीच बिल जुळवून घ्या, चूक असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी. इन्सुलिन मात्र, ज्या घरांत लागतं त्यांनी, समोरच्या दुकानातून फ्रिजमधून काढून दिलेलंच घ्यावं. त्याला दोन ते आठ अंश लागतात. एप्रिलच्या दुपारी डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत तासन्‌तास फिरलेलं किंवा बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं आणि कामाचं राहत नाही. एकदा गोठलं की वितळवूनही वापरायचं नाही.

टेल्मिसार्टन आणि थायरॉक्सिन या दोन ओलीला भिणाऱ्या गोळ्या निदान पावसाळ्याचे चार महिने जुन्या दुकानातून, एकावेळी पंधरा दिवसांच्या घ्याव्यात असं मला वाटतं. त्याआधी दुकानदारांना स्पष्ट विचारा: नियमित गिऱ्हाइकाला छापील किमतीवर किती सूट देता, आणि बॅच नंबरसह पक्कं बिल दर वेळी द्याल का? बरेच दुकानदार हल्ली दहा-पंधरा टक्के सोडतात, पण विचारणाऱ्यालाच.